काउंटीचे झोन, शेतजमीन आणि विकासाचे हक्क: माँटगोमरी काउंटीचा अनुभव

धागाकर्ती: रानजाई

मेरीलँडच्या माँटगोमरी काउंटीत आपली मराठी मंडळी बरीच आहेत. जर्मनटाउन, क्लार्क्सबर्ग, गेदर्सबर्ग भागात घर घेताना आपण शाळा बघतो, मेट्रो किती लांब ते बघतो, एचओए, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीची वर्गणी, किती ते विचारतो. घर कोणत्या झोनमध्ये, म्हणजे जमीन कशी वापरायची हे ठरवणाऱ्या कोणत्या विभागात, आहे आणि मागची मोकळी जागा कोणत्या, हे मात्र फार थोडे जण विचारतात. या काउंटीने झोनिंगच्या जोरावर जे राखलंय ते मला फार मोलाचं वाटतं, आणि सध्या त्याच्यावर दोन-तीन बाजूंनी दाब येतो आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी अधिकार कोणाचा ते. जमीन कशासाठी वापरायची हे अमेरिकेत केंद्र सरकार ठरवत नाही. राज्य तो अधिकार शहरांना किंवा काउंट्यांना देतं. ओहायोतल्या युक्लिड या गावाच्या खटल्यात १९२६ साली सर्वोच्च न्यायालयाने झोनिंग घटनेला धरून आहे असा निकाल दिला आणि मग देशभर ते पसरलं. आमच्याकडे जर्मनटाउन, बेथेस्डा, सिल्व्हर स्प्रिंग ही नावं मोठी, पण यांपैकी कोणालाच स्वतःची नगरपालिका नाही. तिथलं सगळं काउंटी ठरवते. रॉकव्हिल, गेदर्सबर्ग, पूल्सव्हिल, लेटन्सव्हिल, ब्रुकव्हिल, बार्न्सव्हिल आणि वॉशिंग्टन ग्रोव्ह या सात ठिकाणीच झोनिंग त्या-त्या गावाच्या हातात आहे. नियोजनाचा अभ्यास प्लॅनिंग बोर्ड करतं, पण झोन बदलायचा की नाही यावर शेवटचं मत निवडून आलेल्या काउंटी कौन्सिलचं.

साधे झोन समजायला सोपे आहेत. आर-२०० म्हणजे एका घराला किमान २०,००० चौरस फूट, आपल्या हिशेबात साधारण १८ गुंठे. आर-९० म्हणजे ९,०००, आर-६० म्हणजे ६,०००. मेट्रो स्टेशनांजवळ सीआर झोन असतात. तिथे दुकानं, कचेऱ्या आणि घरं एकत्र चालतात, आणि झोनच्या नावातच एकूण बांधकाम किती, त्यात व्यापारी किती, निवासी किती आणि उंची किती हे चार आकडे लिहिलेले असतात.

खरी गोष्ट पुढे आहे. आय-२७० हायवेवरून उत्तरेला जाताना क्लार्क्सबर्गच्या पुढे आणि पश्चिमेला घरं एकदम थांबतात आणि मका, सोयाबीन, गवताची कुरणं सुरू होतात. हे आपोआप झालेलं नाही. तिथे ॲग्रिकल्चरल रिझर्व्ह आहे: सुमारे ९३,००० एकर, काउंटीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग. १९७४ साली काउंटीने तिथे पाच एकरांना एक घर असा नियम करून बघितला होता. त्याने शेती वाचली नाहीच, उलट लवकर तुकडे पडले, कारण पाच एकरांचा तुकडा शेतीला लहान आणि बंगल्याला मोठा. मग १९८० साली रॉइस हॅन्सन प्लॅनिंग बोर्डाचे अध्यक्ष असताना नवा आराखडा मंजूर झाला आणि या पट्ट्यात पंचवीस एकरांना एक घर एवढीच परवानगी राहिली. त्या झोनला तेव्हा रूरल डेन्सिटी ट्रान्सफर म्हणत. २०१४ च्या नव्या नियमावलीत त्याचं नाव ॲग्रिकल्चरल रिझर्व्ह, म्हणजे एआर, झालं.

आता शेतकऱ्याचं काय? काल शंभर एकरांवर वीस घरं बांधता येत होती, आज चारच. उरलेल्या किमतीवर पाणी सोडायचं का? इथे काउंटीने टीडीआर आणला, म्हणजे विकासाचे हक्क एका जमिनीवरून दुसरीवर हलवायची सोय. पाच एकरांना एक या जुन्या दरानेच शेतकऱ्याला विकासाचे हक्क दिले, म्हणजे शंभर एकरांना वीस. त्यातले चार स्वतःच्या चार घरांसाठी ठेवायचे आणि सोळा विकायचे. विकत घेणार बिल्डर, आणि ते वापरायचे काउंटीने आखून दिलेल्या दुसऱ्या भागात, जिथे रस्ते आहेत, सांडपाण्याच्या वाहिन्या आहेत, शाळा होणार आहेत. तिथे बिल्डरला नेहमीपेक्षा जास्त घरं बांधायला मिळतात. हक्क विकले की त्या शेतावर कायमचा करार नोंदला जातो. पुढे मालक बदलला तरी करार जमिनीबरोबर जातो. असे पन्नास हजारांहून जास्त एकर या एका मार्गाने कायमचे राखले गेले आहेत, आणि त्यासाठी सरकारी तिजोरीतून जमिनीची किंमत मोजावी लागली नाही.

म्हणून माझं मत असं: काउंटीने एका ठिकाणी ‘नाही’ म्हणताना दुसऱ्या ठिकाणी ‘हो’ म्हणायची जागा त्याच कायद्यात ठेवली, म्हणून हा झोन पंचेचाळीस वर्षं टिकला. नुसती बंदी असती तर कौन्सिलच्या दोन-तीन निवडणुकांत वितळली असती.

तुमच्या काउंटीत काय आहे तेही लिहा.

---

मुळामुठा

उत्तम धागा. टीडीआर म्हटल्यावर मुंबई-पुण्याच्या माणसाचे कान टवकारतात. मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने टीडीआर आणला. आरक्षणाखालची जमीन पालिकेला द्या, त्या बदल्यात चटईक्षेत्र घ्या आणि उत्तरेकडे उपनगरात वापरा. नंतर झोपडपट्टी पुनर्वसनातूनही टीडीआर निघू लागला. तत्त्व तुम्ही लिहिलंय तेच, पण उपनगरांत ज्या गल्ल्यांवर तो येऊन पडला तिथले रस्ते आणि गटारं तेवढीच राहिली.

पुण्यात समाविष्ट २३ गावांच्या टेकड्यांवर बीडीपीचं, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं, आरक्षण टाकलं, तेव्हा जागामालकांना मोबदला म्हणून ८ टक्के टीडीआर देऊ केला. बहुतेकांना तो मान्य नाही, आणि टेकड्यांच्या पायथ्याशी बेकायदा बांधकामं वाढत गेली. तुमच्याकडे शेतकऱ्याने १९८० साली हे मुकाट्याने घेतलं? आणि ‘हो’ म्हटलेल्या भागातल्या लोकांनी?

---

रानजाई

मुळामुठा, दोघांनीही मुकाट्याने घेतलं नाही.

शेतकरी कोर्टात गेले. आमची किंमत हिरावली, असा त्यांचा दावा होता. कोर्टाने काउंटीच्या बाजूने निकाल दिला. झोन राहिला याचं एक मोठं कारण म्हणजे जमीन शेती म्हणून वापरता येत होती आणि वर टीडीआरही हातात होता.

‘हो’ म्हटलेल्या भागांतून आलेला विरोध जास्त शिकवणारा आहे. सुरुवातीला काउंटीने कुठे किती जादा घरं चालतील हे फक्त मास्टर प्लॅनमध्ये लिहून ठेवलं होतं. एका नागरिक संघटनेने त्यावर दावा लावला आणि १९८७ साली राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने तो मान्य केला. घनता हा झोनिंगचा विषय आहे, ती कौन्सिलने झोनिंगच्या नियमावलीतच ठरवली पाहिजे, आराखड्यावर ढकलून चालणार नाही, असा तो निकाल. मग काउंटीने टीडीआर स्वीकारणाऱ्या भागांसाठी वेगळे झोन लिहिले. कोणत्या रस्त्याच्या कडेला एकरी किती घरं येऊ शकतात हे त्यानंतर नकाशावर प्रत्येकाला दिसू लागलं. ओल्नी, फेअरलँड, क्लार्क्सबर्ग ही अशा भागांची उदाहरणं.

मुंबईतला फरक मला तरी इथेच दिसतो. जादा बांधकाम कुठे उतरणार हे आधी आखून, तिथल्या लोकांसमोर सुनावणी घेऊन, मगच हक्क बाजारात आणायचे.

---

शिवारकर

मी निफाड तालुक्यातला, आता कामानिमित्त व्हर्जिनियात. घरी द्राक्षबाग आहे, म्हणून शेतकऱ्याच्या बाजूने बोलतो.

पंचवीस एकरांना एक घर हे ऐकायला छान वाटतं, कारण इथे शंभर-शंभर एकरांचे मालक आहेत. पण त्या शेतकऱ्याची तीन मुलं असतील तर? आमच्याकडे वाटण्या होऊन दोन-दोन एकर उरले म्हणून रडतो, पण निदान प्रत्येकाला आपल्या रानात घर बांधता येतं. आणि टीडीआरचा भाव कोण ठरवतं? बिल्डरला गरज नसेल त्या वर्षी शेतकऱ्याने कागद घेऊन बसायचं? द्राक्षाचा भाव व्यापारी ठरवतो त्याचं आम्हाला काय होतं ते मी लहानपणापासून बघतोय. शहराला हिरवळ पाहिजे, शुद्ध हवा पाहिजे, तर त्याची किंमत शहराने भरावी. शेतकऱ्याने का म्हणून?

---

रानजाई

शिवारकर, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि तिथले शेतकरी अजूनही तोच विचारतात.

मुलांसाठी सोय आहे. झोन लागू व्हायच्या आधीपासून जमीन ज्यांच्या नावावर होती, त्यांना प्रत्येक मुलासाठी एक प्लॉट काढता येतो. नंतर विकत घेणाऱ्याला ती सवलत नाही.

भावाचं म्हणाल तर तो बाजारच ठरवतो, आणि घरबांधणी मंदावली की टीडीआरही पडतो. त्यावर उतारा म्हणून पुढे बीएलटी (बिल्डिंग लॉट टर्मिनेशन) नावाची योजना आली. शंभर एकरांतले जे चार घरांचे हक्क शेतकऱ्याने स्वतःजवळ ठेवलेले असतात, तेही सोडायचे असतील तर त्यांची किंमत वेगळी आणि बरीच जास्त. सीआर झोनमध्ये, म्हणजे बेथेस्डा किंवा सिल्व्हर स्प्रिंगसारख्या ठिकाणी उंच इमारत बांधताना वाढीव बांधकाम घेणाऱ्या बिल्डरला आपला ठरलेला वाटा बीएलटीत घालावा लागतो. म्हणजे तुम्ही म्हणता तसं शहराने भरावं, याची एक वाट कायद्यात आहे. पुरेशी आहे का? मला वाटतं नाही. तरुणाला आज त्या पट्ट्यात जमीन घेऊन शेती सुरू करणं जवळजवळ अशक्य आहे, कारण पंचवीस एकर आणि घर म्हणजे श्रीमंतांच्या घोड्यांची जागा, असा तिचा भाव झालाय. झोनने जमीन राखली, शेतकरी मात्र आपोआप राखला जात नाही.

आणि आपल्याकडच्या वाचकांसाठी एक मुद्दा. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं. इथे तशी अट नाही. कोणीही घेऊ शकतो, त्यामुळे वापरावरची सगळी मदार झोनवर.

---

लाउडनकर

पोटोमॅक नदीपलीकडून लिहितोय, व्हर्जिनियातल्या ॲशबर्नहून. आमच्या लाउडन काउंटीची कथा याच्या उलट बाजूने वाचण्यासारखी आहे.

पश्चिम लाउडन म्हणजे द्राक्षमळे, घोडे, दगडी कुंपणं. तिथे २००३ साली काउंटीच्या निवडून आलेल्या बोर्डाने घरांची परवानगी एकदम कमी केली. शेकडो जमीनमालक कोर्टात गेले आणि २००५ साली व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. कारण काय, तर जाहीर नोटीस नीट दिली नव्हती! नोटिशीत कोणत्या भागात काय बदलतंय हे सामान्य माणसाला कळेल असं लिहिलेलं नव्हतं. २००६ च्या अखेरीस बोर्डाने पुन्हा सगळं करून एआर-१ आणि एआर-२ असे दोन ग्रामीण झोन आणले. एआर-१ मध्ये मूळ दर वीस एकरांना एक घर, पण घरं एका कोपऱ्यात एकत्र केली आणि बाकी जमीन मोकळी ठेवली तर पाच एकरांना एक. एआर-२ मध्ये तेच चाळीस आणि पंधरा.

आमच्याकडे माँटगोमरीसारखा टीडीआरचा बाजार नाही. त्यामुळे दर काही वर्षांनी तोच वाद: एकत्र केलेली घरं नेमकी चांगल्या मातीवर येतात आणि मोकळी ठेवलेली जमीन उताराची, खडकाळ.

पूर्वेला तर डेटा सेंटर. वर्षानुवर्षं कित्येक झोनमध्ये ती ‘बाय राइट’ होती, म्हणजे नियमात बसलं की सुनावणीशिवाय परवानगी. घरांच्या मागच्या कुंपणाला लागून इमारती उभ्या राहिल्या. मार्च २०२५ मध्ये बोर्डाने ती वाट बंद केली आणि आता नव्या प्रस्तावाला बोर्डासमोर यावं लागतं. डेटा सेंटरच्या कराने आमचा घरपट्टीचा दर कमी राहिला हे मी नाकारत नाही, मलाही त्याचा फायदा झालाय. पण रात्रंदिवस पंख्यांचा आवाज ऐकणारी कुटुंबं माझ्या ओळखीची आहेत. त्यांना घर घेताना कोणी सांगितलं नव्हतं की पलीकडच्या जागेला सुनावणीच लागणार नाही.

---

अनघा_जर्मनटाउन

रानजाईताई, छान समजावलंत. ओव्हरले म्हणजे काय ते पण सांगा ना. आम्ही क्लार्क्सबर्गला एक घर बघितलं, एजंटने ‘पर्यावरणाचा ओव्हरले आहे, काही विशेष नाही’ म्हणून विषय संपवला.

आणि दुसरं, आईबाबा पुढच्या वर्षी कायमचे येतायत. तळघरात त्यांना वेगळं स्वयंपाकघर करून द्यायचं तर चालतं का?

---

रानजाई

अनघा, ‘काही विशेष नाही’ असं म्हणण्यासारखं ते मुळीच नाही.

मूळ झोन तसाच राहतो आणि त्याच्यावर दुसरा थर येतो, तो ओव्हरले. जे कडक असेल ते लागू. क्लार्क्सबर्गला टेन माइल क्रीक नावाचा ओढा आहे. काउंटीतल्या सर्वांत निर्मळ ओढ्यांपैकी एक. तो लिटल सेनेका तलावात जातो. आपण ब्लॅक हिलला सहलीला जातो तोच तलाव, आणि पोटोमॅक आटली तर वॉशिंग्टन परिसरासाठी तो राखीव पिण्याचं पाणी आहे. १९९४ च्या आराखड्यात ओढ्याच्या वरच्या अंगाला बरीच बांधकामं येणार असं धरलं होतं. पुढे पाण्याचा अभ्यास झाला, लोकांनी सुनावण्यांना गर्दी केली आणि २०१४ साली कौन्सिलने तिथे दोन पर्यावरण ओव्हरले लावले. हायवेच्या पूर्वेला जास्तीत जास्त १५ टक्के जमीन फरशी, डांबर, छप्पर यांनी झाकता येते, पश्चिमेच्या नाजूक भागात फक्त ६ टक्के. पाऊस जमिनीत मुरला नाही की तापलेलं, गाळाचं पाणी थेट ओढ्यात जातं. म्हणून मर्यादा घरांच्या संख्येवर न घालता झाकलेल्या जमिनीवर घातली.

काउंटीच्या पूर्वेला पेंट ब्रांच ओढ्याच्या वरच्या भागात हीच पद्धत आधीपासून आहे, ८ टक्क्यांची. तिथे ब्राउन ट्राउट मासा आपोआप वाढतो, आणि महानगराच्या इतक्या जवळ हे फार दुर्मीळ आहे.

तेव्हा घर घेण्याआधी कोणता ओव्हरले ते नावानिशी विचारून घ्या. पुढे मागे मोठा पॅटिओ, वाढीव ड्राइव्हवे करायचा विचार असेल तर घर घेण्याआधीच काउंटीच्या परवाना विभागात लेखी विचारा.

आईबाबांसाठी: वेगळं स्वयंपाकघर, वेगळा दरवाजा असं स्वतंत्र घर झालं की ते एडीयू, म्हणजे मुख्य घराबरोबरचं दुय्यम घर, धरलं जातं. २०१९ साली कौन्सिलने नियम बरेच सैल केले, त्याआधी लहान प्लॉटवाल्यांना आवारात सुटं उभं एडीयू बांधणं जमतच नव्हतं. दोन्हींपैकी एका भागात मालकाने स्वतः राहायला हवं आणि एडीयूमध्ये अठरा वर्षांवरची दोनच माणसं. आईबाबांसाठी अगदी बरोबर बसतं. पण एचओएचे नियम वेगळे वाचा, आणि कामाला हात लावण्याआधी परवानगी घ्या. आमच्या ओळखीत एका कंत्राटदाराने ‘नंतर बघू’ म्हणत ओटा, गॅस सगळं बसवून दिलं आणि घर विकताना त्या कुटुंबाला ते उखडावं लागलं.

---

गोदातीर

झोनिंगची दुसरी बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो.

शेती वाचवली, ओढा वाचवला, उत्तम. पण एक तृतीयांश काउंटी बंद केल्यावर उरलेल्या ठिकाणी आर-२००, आर-९० असे मोठे प्लॉट कशाला? घरांच्या किमती का वाढल्या याचं उत्तर तिथेच आहे. माझी मुलगी काउंटीच्याच शाळेत शिकवते आणि तिला काउंटीत घर परवडत नाही. रोज फ्रेडरिकहून गाडी चालवत येते. शेतीच्या पट्ट्यावरून उडी मारून वस्ती पलीकडच्या काउंटीत गेली, एवढाच याचा अर्थ. तिथली शेतं गेली ती कोणी मोजायची?

---

रानजाई

गोदातीरकाका, हे मान्य आहे. ‘हो’ म्हणायच्या जागी पुरेसं ‘हो’ म्हटलं नाही तर ‘नाही’ अन्यायाचं होतं. माझ्या मूळ मताचाच हा अर्धा भाग आहे.

काउंटीने १९७४ सालीच एमपीडीयूचा कायदा केला होता. मोठ्या प्रकल्पात ठरावीक टक्के घरं मध्यम उत्पन्नवाल्यांना ठरलेल्या किमतीत द्यायची. देशात इतक्या लवकर हे करणाऱ्या काउंट्या मोजक्याच. पण गरज त्याच्या कितीतरी पट आहे. मोठ्या रस्त्यांच्या कडेला, जिथे बस आहे, तिथे एका घराच्या जागी दोन-तीन घरं, टाउनहाउस होऊ द्यावेत यासाठी गेल्या काही वर्षांत जे प्रस्ताव आले, त्यांना मी पाठिंब्याची पत्रं लिहिली. तेव्हा माझ्याच गल्लीतले लोक नाराज झाले. रिझर्व्ह राखा म्हणणाऱ्याने स्वतःच्या गल्लीत डुप्लेक्सला विरोध करणं मला पटत नाही.

---

साताराची_सई

मंदिराबद्दल कोणी लिहील का? आमच्या मंडळात गणपती आणि बालवर्गासाठी स्वतःची वास्तू घ्यायचं चाललंय. रिझर्व्हकडची जागा आकाराने मोठी आणि त्या मानाने स्वस्त वाटते.

---

पोटोमॅककाठी

सईताई, आधी बेथेलचा खटला वाचा.

बेथेल वर्ल्ड आउटरीच या चर्चने २००४ साली जर्मनटाउनजवळ रिझर्व्हमध्ये ११९ एकर घेतले, तेव्हा त्या झोनमध्ये प्रार्थनास्थळाला परवानगी होती. मग काउंटीने आधी सार्वजनिक पाणी आणि सांडपाण्याची जोडणी नाकारली. चर्चने आकार कमी करून विहीर आणि सेप्टिकवर ८०० जणांची वास्तू करायचं ठरवलं, तर टीडीआरचा करार असलेल्या जमिनीवर अशा संस्था नकोत असा बदल नियमांत झाला. चर्च संघराज्याच्या कोर्टात गेलं. २००० साली अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे संसदेने, केलेला एक कायदा आहे, आरएलयूआयपीए. झोनिंगचा अवास्तव भार धार्मिक संस्थांवर टाकता येत नाही, असं तो सांगतो. खालच्या कोर्टाने काउंटीच्या बाजूने निकाल दिला होता. २०१३ साली चौथ्या सर्किटच्या अपील कोर्टाने तो फिरवला: जमीन घेताना बांधता येईल अशी रास्त अपेक्षा होती, म्हणून हा भार मोठा ठरू शकतो, खटला चालवा.

यावरून ‘कोर्टात जाऊ आणि जिंकू’ असा अर्थ काढू नका. आज जागा घेणाऱ्याला नियम आधीच माहीत असतात, तेव्हा ती रास्त अपेक्षा सांगता येणार नाही. रिझर्व्हमधली जागा स्वस्त वाटते, कारण तिचे हक्क विकले गेलेले असतात. जुन्या ऑफिस पार्कमधली, वाहनतळ असलेली इमारत बघा. सणाच्या दिवशी दीडशे गाड्या कुठे लावणार हा प्रश्न तिथे आपोआप सुटतो.

---

रानजाई

पोटोमॅककाठी, धन्यवाद, हेच सांगायचं होतं. सई, जमिनीच्या कागदपत्रांत टीडीआरचा करार नोंदलेला आहे का ते वकिलाकडून आधी तपासून घ्या. विकणारा दर वेळी सांगेलच असं नाही.

---

ह्यूस्टनवासी

आमच्या टेक्सासमध्ये काउंट्यांना, काही अपवाद सोडले तर, झोनिंगचा अधिकारच नाही, आणि ह्यूस्टन शहरानेही झोनिंग स्वीकारलेलं नाही. सबडिव्हिजनचे खासगी करार असतात, ते त्या कुंपणाच्या आतपुरते. कुंपणाबाहेर उद्या काय येईल सांगता येत नाही. घरं स्वस्त आहेत हे खरं, गोदातीरकाकांचा मुद्दा म्हणून मला पटतो. पण केटीच्या पश्चिमेला भाताची खाचरं होती तिथे आज छपरंच छपरं आहेत. २०१७ च्या हार्वी वादळात बार्कर धरणाच्या जलाशयाच्या पोटात बांधलेल्या घरांत पाणी शिरलं. कित्येक मालकांना घर जलाशयाच्या हद्दीत आहे हे ठाऊकच नव्हतं. तिथे ‘नाही’ म्हणायला कोणी नव्हतं.

---

शिवारकर

ह्यूस्टनवासी यांचं वाचून मन जड झालं. माझा विरोध झोनला नाही हे पुन्हा लिहितो. किंमत कोणी भरायची, एवढाच प्रश्न.

रानजाईताई, तुम्ही दाब येतोय म्हणालात, तो कोणाचा? बिल्डरांचा?

---

रानजाई

बिल्डरांचा जुनाच. नवा दाब विजेचा आहे.

शेतजमिनीवर सौर पॅनल लावायचे का, यावर २०२१ साली कौन्सिलने मधला मार्ग काढला: रिझर्व्हमध्ये दोन मेगावॉटपर्यंत, प्रत्येक प्रकल्पाची सुनावणी होऊन, आणि पहिल्या-दुसऱ्या प्रतीच्या मातीवर अजिबात नाही. मला तो निर्णय योग्य वाटला होता. सौर ऊर्जा हवीच, पण उत्तम माती सोडून. पुढे २०२५ साली राज्यानेच कायदा करून मोठ्या सौर प्रकल्पांना नकार देण्याचा काउंट्यांचा अधिकार बराच आवळला. म्हणजे काउंटीने पंचेचाळीस वर्षं विचार करून उभा केलेला झोन वरच्या सरकारच्या एका कायद्याने बाजूला सारता येतो, कारण मुळात अधिकार राज्याचाच आहे.

दुसरं डेटा सेंटर. डिकरसनचं कोळशाचं वीजकेंद्र २०२० साली बंद झालं. ती जागा औद्योगिक झोनमध्ये, पण आजूबाजूला रिझर्व्ह. विजेच्या मोठ्या तारा तिथपर्यंत आलेल्याच आहेत, म्हणून डेटा सेंटरवाल्यांची नजर तिथे गेली. लाउडनकरांनी लिहिलंय ते आम्ही नदीपलीकडून बघत आलोय. माझी मागणी साधी आहे: ‘बाय राइट’ नको. आवाज, पाणी, डिझेल जनरेटर, घरांपासूनचं अंतर यांचे आकडे नियमावलीत आधी लिहा, मग प्रत्येक प्रस्तावाची सुनावणी घ्या. प्रस्ताव आल्यावर नियम लिहायला बसलं की उशीर झालेला असतो.

---

अनघा_जर्मनटाउन

सुनावणीला बोलायला नागरिकत्व लागतं का? आम्ही अजून एच-१ वर आहोत, म्हणून कधी गेलोच नाही.

---

रानजाई

नाही लागत. मतदानाला लागतं, बोलायला नाही. झोनिंगच्या नियमांत बदल करायचा असेल तर कौन्सिलला जाहीर सुनावणी घ्यावीच लागते. वेबसाइटवर आधी नाव नोंदवा. दोन-तीन मिनिटं मिळतात, तेव्हा लिहून न्या आणि कुठे राहता ते पहिल्या वाक्यात सांगा. जमत नसेल तर लेखी पाठवा, तेही नोंदीत जातं. ‘आम्हाला नको’ एवढंच म्हणणाऱ्याकडे कोणी लक्ष देत नाही. कलमाचा क्रमांक सांगून ‘इथे शंभर फुटांऐवजी तीनशे फूट करा’ म्हटलं की सदस्य पेन उचलतात.

आणि त्या क्लार्क्सबर्गच्या घराचा पत्ता काउंटीच्या एमसीॲटलस नकाशावर टाकून बघा. मूळ झोन दिसेल, ओव्हरलेचा थर आहे का तेही बघा. मागची मोकळी जागा कोणत्या झोनमध्ये आहे तेही तिथेच कळेल. बघून इथे लिहा, मग पुढचं बोलू.